तो प्रसाद नव्हे, माउली



आमच्या भजनी मंडळातला एक तरुण टाळकरी वसईकडे नोकरीला आहे. सप्ताहासाठी गावी आला तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. सोबत्याच्या लग्नाला तो तिथल्या चर्चमध्ये गेला होता. मिस्सा चालू होती. सगळे रांगेने पुढे जाऊन फादरांच्या हातून काहीतरी घेत होते, म्हणून प्रसाद समजून हाही रांगेत उभा राहिला. फादरांनी याच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढच्याकडे वळले. याचा हात रिकामाच राहिला. "गुरुजी, आपल्याकडे काल्याला कोण आला, कुठला आला, हे आपण विचारत नाही. मग देवाच्या दारात हा भेद कशाला?" हे विचारताना पोराचा चेहरा उतरला होता.

त्याला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. फादरांनी केले ते बरोबरच केले, कारण तो प्रसाद नव्हता. मग ते काय होते, हे समजून घ्यायला थोडे लांबून यावे लागेल. नगर जिल्ह्यातल्या शाळेत माझी उभी नोकरी एका ख्रिस्ती शिक्षकमित्राबरोबर झाली. माझ्या गळ्यात माळ, त्यांच्या पिशवीत बायबल. मधल्या सुट्टीत आमचे वाद होत, भांडण कधी झाले नाही. त्यांच्याकडून ऐकलेले आणि पुढे स्वतः वाचलेले असे हे आहे.

वसईचे कॅथलिक ज्याला 'साक्रामेंत' म्हणतात त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. रोमन शिपाई सैन्यात भरती होताना जी शपथ घेई तिला तो शब्द होता. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. तुकोबांचे पाइकाचे अभंग तुम्ही गाता. धन्याच्या शब्दासाठी जिवावर उदार होणारा पाईक हेच तिथे भक्ताचे रूप आहे. मराठीत त्यांना 'संस्कार' असेही म्हणतात, पण आपल्या सोळा संस्कारांशी त्यांचा मेळ घालायला जाऊ नका, गोंधळ होईल. डोळ्यांना दिसणारी एक साधी वस्तू असते: पाणी, भाकर, द्राक्षारस, तेल. तिच्यावर शब्द उच्चारला जातो, आणि त्या वस्तूच्या द्वारे न दिसणारी देवाची कृपा माणसाला पोचते, असे ते मानतात. कर्ता देव, माणूस घेणारा. सगळा अर्थ यातच आहे. माणसाने देवाला काही वाहावे असा तो विधी नाही.

इथे तुमच्यातला एखादा जाणता म्हणेल, देव अंतरीच्या भावाचा भुकेला आहे, त्याला पाणी-भाकर कशाला हवी? पूर्वपक्ष चांगला आहे. पण गोरोबाकाकांची गोष्ट आठवा. संतांचा मेळा जमला होता आणि काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. नामदेवराय रागावले, आणि काकांनी निवाडा दिला की हे मडके कच्चे. ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, ज्याच्याशी देव बोलत होता, तो कच्चा! का, तर डोक्यावर गुरूचा हात नव्हता. नामदेवांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. आणि तुकोबांना उपदेश झाला तो स्वप्नात, माघ शुद्ध दशमी, गुरुवारी. पण स्वप्नातसुद्धा बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि पावशेर तूप मागितले. तूप कशाला मागावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. स्वप्नातल्या गुरूलाही हाताचा स्पर्श आणि खायची वस्तू लागते. माणसाला देह आहे, म्हणून त्याच्याकडे येणारी कृपाही देहाच्या वाटेने येते. ख्रिस्ती माणूस साक्रामेंताबद्दल बोलतो तेव्हा तो हेच सांगत असतो.

आता हे संस्कार किती? कॅथलिक सात मानतात: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्याला तेल लावणे, धर्मगुरूची दीक्षा आणि विवाह. सोळाव्या शतकात ट्रेंट येथे त्यांची धर्मसभा भरली, तिने हा आकडा पक्का केला. मार्टिन ल्यूथरच्या वाटेने गेलेले प्रोटेस्टंट दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आमच्या जिल्ह्यातले पुष्कळ ख्रिस्ती या दुसऱ्या परंपरेचे, कारण अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरला होते. आणि त्याच नगरात जिचे नाव दवाखान्यामुळे घरोघर ठाऊक आहे ती मुक्तिफौज एकही साक्रामेंत करत नाही. अंतःकरण पालटले की पुरे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे 'अंतरीचा भाव की बाहेरची खूण' हा वाद त्यांच्याही घरात आहे. तिथे आपण पंच म्हणून बसायला नको.

बाप्तिस्म्याबद्दल मात्र जरा थांबून बोलू.

वसईकडे एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. फिरंग्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, गाव ते पाणी प्यायले आणि अख्खे गाव बाटले. फिरंग्यांनी गोव्यात आणि वसई प्रांतात जुलूम केला हा इतिहास आहे, तो कोणी पुसू नये. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लोकांना सुटल्यासारखे झाले ते उगीच नव्हे. पण ही विहिरीची कथा ख्रिस्ती शास्त्राला विचारून पाहा. पाण्यात पाव पडल्याने कोणी ख्रिस्ती होते काय? मुळीच नाही. बाप्तिस्मा म्हणजे माणसाच्या अंगावर पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाचा उच्चार. जाणत्या माणसाची इच्छाच नसेल तर ते पाणी त्यांच्या लेखीही नुसते पाणी. मग त्या गावाला ख्रिस्ती कोणी केले? पाव टाकणाऱ्याला तेवढ्याने ते जमणार नव्हते. शेजारच्या गावांनी 'तुम्ही बाटलात' म्हणून पंगत तोडली, रोटीबेटी तोडली आणि परतीची वाट बंद केली. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती सांगताना आपण फिरंग्यांवर जेवढा दोष ठेवतो, त्यातला काही आपल्या सोवळ्याच्या पदरातही पडतो. ही ओळ वाचून कोणी रागावले तर रागवावे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या लेकरांना आत जाता यावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. हेही याच घरातले आहे.

बाप्तिस्म्याच्या आणखी दोन गोष्टी मला विलक्षण वाटतात. एक म्हणजे तो एकदाच होतो. माणूस वाट चुकला, परत आला, तरी पुन्हा पाणी नाही. पहिलेच पाणी अजून ओले आहे असे समजायचे. दुसरी अशी की बाळ जन्मताच अत्यवस्थ असेल आणि फादर जवळ नसतील, तर दाईने, परिचारिकेने, अगदी ख्रिस्ती नसलेल्या माणसानेसुद्धा चर्चला अभिप्रेत हेतू मनात धरून पाणी ओतले आणि ते शब्द म्हटले, तर कॅथलिक चर्च तो बाप्तिस्मा खरा मानते. देणाऱ्याची योग्यता मोजली जात नाही. हा वाद त्यांच्याकडे चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी कच खाल्ली, पोथ्या शत्रूच्या हवाली केल्या. पुढे लोक म्हणू लागले, असल्यांच्या हातचा संस्कार आम्ही खरा कसा मानावा? ऑगस्टिन नावाच्या त्यांच्या थोर आचार्यांनी उत्तर दिले की देणारा ख्रिस्त आहे, हात कोणाचा हे गौण.

माउली, इथे मी अडखळतो. आपल्याकडे कीर्तनकाराने बोलावे तसे चालावे, नाही तर त्याचे बोल पोकळ, हा तुकोबांचा दंडक. कीर्तनाचे मोल घेणाऱ्याला त्यांनी काय काय म्हटले आहे ते तुम्ही जाणता. ऑगस्टिनांचा विचार आपल्या कीर्तनकारांना मोकळीक द्यायला कोणी वापरू लागला तर मी विरोध करीन. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात मोठा धीर आहे. नाम ज्याच्या तोंडून कानी आले तो माणूस पुढे घसरला, म्हणून कानी आलेले नाम खोटे ठरत नाही.

पाणी चुळभर असते, पण त्याची किंमत विचारायची तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांना विचारावी. हेच ते 'फुलामुलांचे कवी'. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1850 च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता, पंगत मात्र कोणता कायदा राखणार? लक्ष्मीबाई कितीतरी वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, सोवळे हळूहळू गळत गेले, आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचले नसेल तर जरूर वाचा. धर्मांतराचा असा निष्कपट वृत्तांत मराठीत दुसरा माझ्या पाहण्यात नाही. त्यात रडू येते आणि हसूही येते. टिळकांनी चर्चमध्ये कीर्तन नेले, अभंग रचले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो असे ते सांगत. आपल्यातले काही हे ऐकून सुखावतात, काही दुखावतात. मी दोन्हींच्या मध्ये आहे. पूल आपला, पण पलीकडे जाणारा त्यांचा झाला.

आणि ज्या पाण्यासाठी टिळकांनी घर पणाला लावले, त्याच पाण्याचा आग्रह त्यांनी शेवटी सैल केला. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा ठेवली. दोन वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. दरबार पुढे फार चालला नाही. माझे मित्र म्हणत, "टिळकांचं मन मोठं होतं, पण शपथ न घेतलेल्याला शिपाई कसं म्हणायचं?" मला टिळकांची बाजू पटे, आणि मित्रांचा प्रश्नही सुटत नसे. आपल्यातच पाहा ना. दिंडीत शेकडो माणसे बिनमाळेची चालतात, कोणी त्यांना हटकत नाही. पण माळकरी म्हणतो तो ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ थोरांच्या हातून घेतलेल्यालाच. चालणे सगळ्यांना मोकळे आहे, शब्द देणे वेगळे आहे.

आता त्या टाळकऱ्याच्या रिकाम्या हाताकडे येऊ.

येशूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर घेतली, मोडली, त्यांना दिली, प्याला दिला, आणि हे माझे शरीर, हे माझे रक्त, माझ्या आठवणीसाठी हे करत जा, अशा अर्थाचे बोल सांगितले. तेव्हापासून ते जेवण थांबलेले नाही. कॅथलिक म्हणतात, ती भाकर खरोखर ख्रिस्ताचा देह होते, दिसायला भाकर राहिली तरी. प्रोटेस्टंटांमध्ये कोणी म्हणतो तो भाकरीबरोबर तिथे हजर असतो, कोणी म्हणतो ही आठवण आहे. 1529 साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली याच एका मुद्द्यावर जमले आणि न मिटवताच उठले. या वादात वारकऱ्याला कोणाचे बोलणे ओळखीचे वाटावे? विटेवरची मूर्ती ही विठ्ठलाची आठवण आहे असे तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. आठवणीसाठी कोणी अडीचशे किलोमीटर चालत नाही. तो तिथे उभा आहे म्हणून आपण जातो. ज्याने हे अनुभवले त्याला फादरांनी हात का आखडला ते कळावे. त्यांच्या लेखी ती खिरापत नाही, साक्षात तो आहे. घेणाऱ्याने 'आमेन' म्हणायचे, म्हणजे होय, हे तेच आहे, मी याचा आहे. आपल्या टाळकऱ्याला ते म्हणता येणार होते काय? न म्हणता घेतले असते तर त्यांच्या श्रद्धेचा खेळ झाला असता, आणि म्हटले असते तर गळ्यातल्या माळेचे काय?

मी स्वतः एकदाच त्या पंक्तीत बसलो आहे. मित्रांच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, त्यांच्या गावच्या छोट्या चर्चमध्ये. पाळकांनी बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी घातले, बाळाने टाहो फोडला, बाया हसल्या. मग प्रभुभोजन होते. भाकरीच्या तुकड्यांचे ताट आणि इवल्याशा पेल्यांचा ट्रे बाकांवरून हातोहात पुढे येऊ लागला. माझ्याजवळ आला तेव्हा मी दोन्ही हातांनी धरला, कपाळ जरा झुकवले आणि शेजारच्या म्हातारबाबांकडे दिला. बाहेर आल्यावर मित्र म्हणाले, "गुरुजी, बरं केलंत. घेतलं असतंत तर मला अवघड झालं असतं." मी म्हटले, "मलाही."

ते आमच्या सप्ताहाला येतात. मांडवात मागे बसून कीर्तन ऐकतात, आवडले तर मान डोलावतात. पंगतीला बसतात, आमटीभाकरी मागून घेतात. पण काल्याच्या दिवशी हंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला हातावर येऊ लागला, की ते हात जोडतात आणि घेत नाहीत. गावातल्या काहींना हे लागते. 'आमचं अन्न चालतं, मग देवाचं का चालत नाही?' मी त्यांना सांगतो, बाबांनो, तो माणूस काल्याला नुसते दहीपोहे समजत नाही, हा आपल्या देवाचा मान आहे. त्याला तो फक्त खाऊ वाटला असता तर त्याने तुमचे मन राखायला दोन घास घेतले असते. दैवताला वाहिलेले अन्न खावे की न खावे यावर त्यांच्या पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सविस्तर चर्चा आहे. त्याच पत्रात तो आणखी एका गोष्टीवर त्यांना फैलावर घेतो. करिंथात प्रभुभोजनाला जमल्यावर श्रीमंत आधी येऊन पोटभर खात-पीत आणि गरीब उपाशी बसत. पौल त्यांना बजावतो की हे प्रभूचे भोजन नव्हेच. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कोणाची भाकरी शिळी, कोणाचे लोणी ताजे, आणि कृष्णाने त्यातला घास उष्टा न मानता घेतला, ही कथा आपण गोपाळपुरात पौर्णिमेच्या काल्याला ऐकतो. ऐकणारी गावे आपल्या पंगतीत काय करत होती ते मघाशी आलेच आहे. नगर जिल्ह्यात मिशनने वेगवेगळ्या जातींच्या माणसांना एका प्रभुभोजनाला बसवले, तेव्हा तिथेही कुरबुर झाल्याशिवाय राहिली नाही. एका पेल्याला ओठ लावायचे म्हणजे आपली उतरंड मोडायची. ते कोणालाच सोपे गेलेले नाही.

जाता जाता माझी एक तक्रार नोंदवून ठेवतो. योहानाच्या शुभवर्तमानात त्या शेवटच्या रात्री येशू कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. पुण्य गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये फादर आजही पाय धुतात, पण सातांच्या यादीत ते नाही. आपण वारीत भेटेल त्याच्या पाया पडतो, त्याची जात-वय न पाहता. मला विचाराल तर मी ते आठवे साक्रामेंत केले असते. मित्र हसून म्हणत, "तुम्हाला धर्मसभेला पाठवायला हवं होतं."

त्यांच्या आई गेल्या, त्याआधीच्या वर्षभरात त्यांची स्मृती पार गेली होती. मुलगा ओळखू येईना, सून ओळखू येईना, मला त्या आपला भाऊ समजत. महिन्यातून एकदा पाळक घरी येऊन त्यांना प्रभुभोजन देत. एका खेपेला मी तिथे होतो. पाळकांनी शब्द म्हणायला सुरुवात केली आणि इतका वेळ गोधडीचा धागा ओढत बसलेल्या म्हातारीने धागा सोडला, डावा तळवा उजव्यावर ठेवला आणि हात पुढे केले. तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "पोरांनी खाल्लं का?"